धक्का नसलेली गाडी

माझ्या कमरेच्या मणक्यातली गादी सरकली ती घरातच, पाण्याने भरलेलं पिंप पायाने सरकवताना. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दुखलं, झोपवलं, पुण्याला नेलं. खरा घोर त्यानंतर लागला. घोर असा की मी नोकरीवर परत जायचं कसं.

मी तेव्हा ओतूरच्या अलीकडच्या एका गावात सरकारी आरोग्य केंद्रात औषधनिर्माती होते. खिडकीमागे बसायचं, डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची, गोळ्या पुडीत घालायच्या आणि कधी घ्यायच्या ते पुन्हा पुन्हा सांगायचं. गाव मला ‘गोळ्यावाल्या बाई’ म्हणायचं. राहायला मात्र आम्ही जुन्नरला. ह्यांचं पेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान, मुलगी बारावीला. मधलं अंतर बारा-तेरा किलोमीटर. नव्वदच्या दशकात ते मी पायडल मारून सुरू करायच्या मोपेडवर कापलं. मोपेड थकल्यावर विकली आणि मग एसटी नाहीतर जीप, जे आधी येईल ते. रस्ता कसा आहे हे मला रोजचं माहीत होतं. पण त्यातला प्रत्येक खड्डा कुठे जाऊन लागतो, हे पाठ गेल्यावर कळलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून बघितली आणि म्हणाले, “ऑपरेशन आत्ता नको. पण वाकायचं नाही, उचलायचं नाही, ढकलायचं नाही. आणि कमरेला धक्का बसू द्यायचा नाही. डाव्या पायाचा अंगठा बधिर झाला तर मात्र थांबू नका, लगेच या.”

या शेवटच्या वाक्याने माझी झोप घालवली. डावा पाय मांडीपासून खालपर्यंत मुंग्या येऊन जायचा. अंगठा शुद्धीवर आहे की नाही हे मी चपलेत दाबून दाबून बघायचे. भाजी चिरताना, फोनवर बोलताना, पाहुण्यांसमोर बसल्या बसल्याही. मुलगी म्हणायची, “आई, तू आत्ता पायाशी बोलत होतीस.”

रजा संपत आली. केंद्रातल्या डॉक्टरांचा फोन आला. माणूस चांगला होता, पण त्यांच्या हातात फार नव्हतं. “बाई, सोमवारी रुजू झालात तर ठीक. नाहीतर मला वर कळवावं लागेल. कंत्राटावर एक मुलगा तयार आहे, त्याला घेतला की तुमची जागा मी किती दिवस धरून ठेवणार?”

घरात त्याचा अर्थ सरळ लावला गेला. हे म्हणाले, “राजीनामा देऊन टाक. दुकानात बस. आपलंच आहे.”

“दुकानात मी काय करू?”

“गल्ल्यावर बसायचं.”

“गल्ल्यावर तुम्ही बसता.”

“मग मी उठेन.”

“उठून कुठे जाल?”

मला दुकानाचा राग नव्हता. पण माझी नोकरी माझी होती, पेन्शनला अजून बरीच वर्षं होती, आणि एका पिंपापायी ती सोडायची माझी तयारी नव्हती. केंद्राच्या आवारात राहायला खोली होती. पण मुलीचं बारावीचं वर्ष सोडून मी तिथे एकटी राहणं शक्य नव्हतं. तेव्हा प्रश्न एवढाच उरला: बारा-तेरा किलोमीटर जायचं, यायचं, आणि कंबर शाबूत ठेवायची.

आधी ह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून बघितलं. दुसऱ्या गतिरोधकाला मी उतरले आणि चालत घरी आले. मग शेजारणीची बटण दाबून सुरू होणारी पेट्रोलची स्कूटर मागितली. ती बरी होती, पण उभी असतानासुद्धा सगळी थरथरायची. ती थरथर सीटमधून मांडीत उतरायची आणि पायाला मुंग्या सुरू. शिवाय स्टँडवर चढवायची म्हणजे मागून उचलून ओढायची. ते मला वर्ज्यच होतं.

बॅटरीची स्कूटर मला दिसली ती जुन्नरच्या बाजारात. दिसली म्हणजे काय, माझ्या कोपराला घासून गेली तेव्हा कळली. आवाज नाही, धूर नाही, थरथर नाही. एक गृहस्थ ताठ बसून, पिशवी मांडीजवळ अडकवून, जिन्यावरून उतरावं तसे शांत निघून गेले. मी घरी येऊन दिरांना फोन लावला. दीर गावाकडे शेती करतात, त्यांच्याकडे व्हॅन होती आणि चारी बाजूला ओळखी होत्या.

“भावजी, बॅटरीच्या गाड्या कुठे कुठे मिळतात?”

“नारायणगावात एक दुकान हाय, मंचरला एक हाय. आन् घोडेगावात एका गुरुजींकडं हाय, ते इकणार हायेत म्हणं. कुणाला पायजे?”

“मला.”

पलीकडे भावजी हसले. मग, “येतो उद्या.”

दुसऱ्या दिवशी व्हॅनच्या मागच्या सीटवर उशा रचून मी आडवी झाले आणि आम्ही निघालो. दीर गाडी हळू चालवत होते, पण तोंड चालूच. “वहिनी, तुमी गाडी बघायला निघालाय का सोयरीक? आडवं पडून सोयरीक बघायला कुणी गेलं न्हाई अजून.”

नारायणगावच्या दुकानात पुढे टीव्ही, मागे मिक्सर, आणि मिक्सरच्या खोक्यांना टेकून एक पांढरी स्कूटर. दुकानदार तरुण होता. लायसन नको, पासिंग नको, पेट्रोलचा पंप विसरा, हे त्याने एका दमात सांगून टाकलं. मला फक्त एकच गोष्ट हवी होती.

“भाऊ, गाडीला धक्का बसतो का?”

“अजाबात न्हाई ताई. सगळी वायरिंग आतून हाय. भर पावसात चालवा, शॉक बसला तर गाडी परत आणा.”

“तो धक्का नाही. खड्ड्यातला.”

“खड्ड्यात पाणी असलं तरी न्हाई बसणार.”

दीर दाराशी उभे होते, ते तोंड फिरवून हसले. मी आणखी समजावत बसले नाही. गाडी बाहेर काढायला लावली आणि दुकानामागच्या गल्लीत चालवली. सीट मऊ होती, इतकी की मी तिच्यात रुतले आणि गुडघे वर आले. मूठ पिळली की आधी काहीच व्हायचं नाही आणि मग गाडी एकदम पुढे सुटायची. प्रत्येक वेळी डोकं मागे, धड पुढे. थांबताना तेच उलट. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि उतरून भिंतीला धरून उभी राहिले. मान आखडली होती. कमरेला मात्र काही झालं नव्हतं. अंगठा दाबून बघितला, होता जागेवर.

“कशी वाटली?” दुकानदार.

“सीट चांगली आहे,” मी म्हटलं. खोटं नव्हतं.

मंचरच्या दुकानात शेतीच्या पाण्याच्या मोटारी, पाइप, आणि त्या सगळ्याच्या मधोमध तांबडी स्कूटर, दसऱ्याला पुजल्यासारखी हार घालून. इथला दुकानदार पन्नाशीचा, खुर्चीतून न उठणारा. मी तोच प्रश्न विचारला, मला तोवर अक्कल यायला हवी होती.

“गाडीला धक्का?”

“धक्का मारायचा प्रश्नच येत न्हाई, मॅडम. बटन दाबायचं, निघायचं. चढाला दोन माणसं बसवा, वर तांदळाचं पोतं ठेवा. धक्का मारावा लागला तर माझं नाव बदला.”

“मी वर बसल्यावर मला धक्का बसतो का, ते विचारतेय.”

“मंग तसं इचारा की. बसून बघा.” आणि दिरांकडे वळून, “पावणं, गाडीची तपासणी चाललीय का बाईंची?”

“दोन्हीची,” दीर म्हणाले.

तांबडीला ताकद होती, यात वाद नाही. मूठ पिळली की सुतासारखी सरळ निघायची, हिसका नाही, काही नाही. पण चाकं एवढीएवढी, आणि सीटखाली फळी असावी तशी कडक. दुकानासमोरच्या रस्त्यावर एक साधी भेग होती, डांबराची. तिच्यावरून चाक गेलं आणि खालून काहीतरी सरळ माझ्या माकडहाडावर आपटलं. पुढे दुसरी भेग. मी तिच्या आधीच थांबले आणि दिरांना हाक मारली. गाडी त्यांनी परत नेली. मी पाय ओढत आले. अंगठा होता, पण मांडी बोलायला लागली होती. त्या क्षणी मला नक्की वाटलं की हे सगळं उगाच चाललंय, सोमवारी डॉक्टर वर कळवणार आणि मी गल्ल्यावर बसणार.

घोडेगावच्या वाटेवर मी उशांवर पडून छताकडे बघत होते. बघता बघता एक गोष्ट स्पष्ट झाली. मी सगळीकडे ‘धक्का’ विचारत होते, आणि ज्याला जो धक्का माहीत त्याने त्याचं उत्तर दिलं. एकाने विजेचा, दुसऱ्याने ढकलण्याचा. चूक त्यांची नव्हती. माझं मलाच कुठे ठाऊक होतं मला कशाची भीती आहे ते? पांढरीने हिसका दिला; तो मानेला लागला, कमरेला नाही. तांबडीने दणका दिला. तो खालून वर चढला आणि थेट दुखऱ्या जागी गेला. जीपमध्ये बसतो तो तिसराच, गचका: गाडी खड्ड्यात जाते, आपण मागून जातो, आणि दोघांची मधेच गाठ पडते. पिंपाच्या आधी मी रोज जे सोसत होते ते गचके. डॉक्टरांनी एका शब्दात उरकलं होतं, त्यांना काय, ते पुण्यात.

मी हे मोठ्याने बोलले असणार, कारण पुढून आवाज आला, “वहिनी, धक्क्याचं बारसं करताय का?”

“करतेय. आणि आता कोणाला धक्का विचारायचा नाही.”

घोडेगावचे गुरुजी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलाने हौसेने गाडी घेऊन दिली आणि गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांची गाडी पोपटी रंगाची, आणि तिला स्कूटर म्हणावं की सायकल असा प्रश्न पडावा. चाकं सायकलसारखी मोठी आणि बारीक, तारांची, सीट सायकलसारखी, खाली दोन जाड स्प्रिंगा, हँडल उंच. दिसायला अगदी गरीब. दिरांनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

गुरुजींच्या बायको बाहेर आल्या. “घेऊन जा गं बाई. हिचा आवाजच येत नाही. दोन कोंबड्या गेल्या माझ्या हिच्याखाली. कोंबडीला कळायला नको का, मागून काय येतंय ते?”

“कोंबड्या तुझ्या, रस्ता सरकारचा,” गुरुजी म्हणाले.

मी बसले. वाकावं लागलं नाही, पाठ आपोआप ताठ राहिली. घोडेगावात तेव्हा रस्त्याचं काम निघालं होतं, खडी पसरलेली. मी मुद्दाम तिकडे गेले, म्हटलं जे व्हायचं ते इथेच होऊ दे, दीर जवळ आहेत तोवर. चाक खडीवर चढलं. मी श्वास धरून ठेवला. दणक्याची वाट बघितली, तो आला नाही. गचक्याची बघितली. मोठं चाक खड्ड्यात पुरतं उतरतच नव्हतं, काठाकाठाने निघून जात होतं, आणि जे काही उरेल ते स्प्रिंगा खाली-वर करून जिरवत होत्या. जे लागत होतं त्याला मी दिलेल्या तीन नावांपैकी एकही बसेना. फार तर झोका म्हणता आला असता.

परत आले तेव्हा गुरुजींनी विचारलं, “किती लांब जायचं रोज?”

“बारा-तेरा किलोमीटर. जाताना उतार, येताना एक चढ.”

त्यांनी बॅटरीच्या झाकणावर हात ठेवला. मग म्हणाले, “जाईल. जाऊन परत येईल असं मात्र मी सांगणार नाही. बॅटरी लहान आहे. तिथे चार्जिंगला लावायला लागेल.”

“तिथे लाईट असते कधी, नसते कधी.”

“इथेही तेच. म्हणून म्हणतो, आठ दिवस नेऊन बघा. नाही पटली तर परत आणून द्या.”

पोपटी गाडी टोमॅटोच्या पिकअपमधून जुन्नरला आली. ह्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. “ही जाईल?”

“जाईल.”

“येईल?”

मी चार्जरची वायर सोडवायला घेतली.

त्या वर्षांत भारनियमन असं होतं की माणसं घड्याळापेक्षा लाईटवर चालायची. दळण लाईट असेल तेव्हा, इस्त्री लाईट असेल तेव्हा. आता माझी नोकरीही लाईट असेल तेव्हा. चार्जरवर एक दिवा होता, लाल म्हणजे भरतेय, हिरवा म्हणजे भरली. मी तो हिरवा व्हायची वाट बघत ओसरीत बसायचे, आणि हिरवा व्हायच्या आत घरातला पंखा थांबायचा.

शनिवारी सकाळी गाडी पूर्ण भरली नव्हती. पण सोमवारच्या आधी एकदा सगळा रस्ता करून बघणं भाग होतं, आणि ह्यांचा शनिवारी दुकानात माल यायचा होता. मी एकटीच निघाले. जाताना काही म्हणजे काही झालं नाही. लेण्याद्रीचा डोंगर बाजूने सरकला, उसाच्या ट्रॅक्टरने मला ओलांडलं, मग एका सायकलवाल्यानेही ओलांडलं आणि वळून बघितलं. कंबर गप्प होती. केंद्राच्या फाटकात मी उतरले तेव्हा इतकं बरं वाटलं की मलाच त्याची भीती वाटली.

आत गेले, नर्सबाई भेटल्या, चहा झाला. चार्जर पिशवीतून काढला तर नर्सबाई म्हणाल्या, “आत्ताच गेली. आता संध्याकाळी.” संध्याकाळपर्यंत थांबून मी काय करणार होते? अंधारात त्या रस्त्याने एकटी यायची माझी तयारी नव्हती. तशीच परत फिरले.

चढ सुरू झाला तसा गाडीवरचा, बॅटरी किती उरली ते दाखवणारा पिवळा दिवा गेला आणि तांबडा लागला. वेग कमी होत होत माणसाच्या चालीवर आला. मी पुढे झुकले, जणू त्याने काही होणार होतं. मग गाडी थांबली. चढाच्या अलीकडच्याच भागात, वळणावर, एका बाजूला खोल चर.

मी पाय टेकून बसून राहिले. उतरून ढकलायची सोय नव्हती. लहान म्हटली तरी बॅटरीसकट तिचं वजन होतं, आणि ढकलायचं नाही हे मला पक्कं बजावलं होतं. सोडून चालत जावं तर गाडी गुरुजींची. फोन लावला तर ह्यांचा लागेना. एक एसटी गेली. हात करावा की नाही हे ठरेपर्यंत ती वळणाआड गेली. अंगठा दाबला. वाटलं, कमी कळतोय. पुन्हा दाबला. कळतोय की नाही हेच कळेना. उन्हात बसून मला सोमवार दिसत होता: याच वळणावर मी, आणि खिडकीमागे तो कंत्राटी मुलगा.

मागून मेंढरं आली. आधी वास, मग खुरांचा आवाज, मग गाडीच्या दोन्ही बाजूंनी लोकरीचा लोंढाच. त्यांच्या मागे एक धनगरीण, माझ्याच वयाची, हातात काठी, आणि तिच्या मागे बिऱ्हाड लादलेली घोडी.

“काय झालं बाई? पेट्रोल संपलं?”

“पेट्रोल नाही. बॅटरी संपली.”

“मंग शेल टाका की नवं.”

“टॉर्चचे शेल नाही चालत हिला.”

“मोठं टाका.” तिने गाडी वरपासून खालपर्यंत पाहिली. “धक्का मारू का?”

हा धक्का कोणता, हे मला आता विचारावं लागलं नाही. जो कधी मारावा लागणार नाही अशी मंचरच्या दुकानदाराने न विचारताच हमी दिली होती, तोच. मी हो म्हटलं आणि हँडल घट्ट धरून बसून राहिले. तिने काठी काखेत मारली, मागून एकदा जोर लावला, आणि थांबली.

“आवं, उतरा की खाली! गाडीला ढकलू का तुमाला?”

“कंबर गेलीय माझी. मला ढकलायची मनाई आहे.”

“तुमी ढकलू नका. पर उतरा तर! वजन काय थोडं हाय व्हय तुमचं?”

मी उतरले. गाडी सरळ राहावी म्हणून हँडल धरून बाजूला उभी राहिले. तिने मागून पुन्हा हात लावला. गाडी हलली, आणि सवयीने माझ्या हाताने मूठ पिळली गेली, अगदी थोडी. मोटारीचा बारीक आवाज आला आणि गाडी निघाली. आपली आपण. मी तिच्याबरोबर चार पावलं टाकली तरी ती थांबली नाही. मागे वळून बघितलं तर धनगरणीचे हात हवेत.

“मी न्हाई लावला हात!” ती ओरडली. “नाटकी हाय तुमची घोडी. मालकीण उतरली की चालती!”

हसण्याने कंबर दुखली, तरी मी हसले. थांबल्यामुळे बॅटरीने थोडा दम धरला होता, आणि माझं वजन उतरल्यावर तिला चढ म्हणजे नुसतं स्वतःला ओढणं. मी हँडलवर हात टेकून, पाठ ताठ ठेवून, तिच्या बाजूने चालत गेले. मेंढरं आमच्या पुढे, घोडी मागे. चालणं मला वर्ज्य नव्हतं. उलट चढाच्या माथ्यावर पोचले तेव्हा पायातल्या मुंग्या निवल्या होत्या. बसून होते तेव्हा भीतीने ज्या अंगठ्याचा काही भरवसा वाटत नव्हता, तो चपलेतल्या खड्याची तक्रार करत होता.

घरी मी हे ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे रोज चढाला उतरून गाडीला फिरवायला न्यायचं?”

“हो.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक धक्का मारू का म्हणतील. मी नको म्हणेन.”

रविवारी पुन्हा जाऊन आले, या वेळी हे मोटारसायकलवरून मागे. तिकडे चार्जर पिशवीतून काढलाच नाही, मुद्दाम. येताना चढ लागायच्या आधीच उतरले आणि चालले. हे मागून पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत येत होते, वैतागून एकदा पुढे जाऊन थांबले, मग पुन्हा मागे. जुन्नरात शिरताना तांबडा दिवा लागला. आमच्या गल्लीत गाडी मरगळली, पण दारापर्यंत आली. मोटारसायकल लावून हे आत गेले आणि गाडी ठेवतो म्हणून कळवायला त्यांनी गुरुजींचा नंबर शोधून माझ्यापुढे ठेवला. मी फोन उचलला नाही. सोमवार व्हायचा होता अजून. एका रविवारवर माझा विश्वास नव्हता.

सोमवारी लवकर निघाले. प्रत्येक खड्डा ओळखीचा झाला होता, तरी प्रत्येकाच्या आधी मी वेग कमी करायचे. केंद्रात पोचले तेव्हा ओळ लागलेली होती. डॉक्टर व्हरांड्यात उभे, शेजारी एक मुलगा नव्या शर्टात, हातात फाइल. हाच तो कंत्राटावरचा मुलगा. डॉक्टरांनी मला बघितलं, गाडी बघितली, घड्याळ बघितलं.

“जमेल ना, बाई? रोज?”

“आज जमलंय.”

ते त्या मुलाला बाजूला घेऊन बोलले. मुलाने मान हलवली आणि फाइल पिशवीत घातली. औषधांच्या कपाटाची किल्ली डॉक्टरांनी स्वतःच्या खिशातून काढून माझ्या हातात दिली. ओळीतली एक म्हातारी म्हणाली, “आल्या का गोळ्यावाल्या बाई? लई दिस लावलं!”

मी आत गेले आणि खिडकीमागची जागा बघितली. मी नसताना कोणीतरी तिथे लोखंडी स्टूल आणून ठेवलं होतं, उंच आणि बिनपाठीचं. त्यावर दुपारपर्यंत बसणं म्हणजे पुन्हा पुणं.

मी परत व्हरांड्यात आले. “डॉक्टर, मला पाठ असलेली खुर्ची लागेल.”

“मागवून घेऊ. वरून मंजुरी आली की.”

“मागवू नका. तुमच्या खोलीत दोन आहेत.”

डॉक्टरांनी ओळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची उचलायला स्वतःच आत गेले.